जेफटॉटमध्ये पास झालेले केरोसीन इंजिनात किती तापमान सोसेल?

प्रश्न असा आला आहे: प्रयोगशाळेत केरोसीन जातीच्या एका इंधनाची जेएफटीओटी, म्हणजे बोलीभाषेतली ‘जेफटॉट’ चाचणी झाली. ३५५ अंश सेल्सिअसला नमुना पास झाला. आता हे इंधन रॉकेट इंजिनाच्या भिंतींना थंड ठेवायला किंवा स्क्रॅमजेटच्या (ध्वनीच्या कित्येक पट वेगाने जाताना बाहेरची हवा घेऊन चालणाऱ्या इंजिनाच्या) नळ्यांतून फिरवायला किती तापमानापर्यंत चालेल? त्यासाठी वेगळी चाचणी लागत असेल, तर ती कशी उभारायची?

पहिल्या भागाचे उत्तर असे की या निकालावरून इंजिनातले तापमान काढता येत नाही. ‘हे इंधन अमुक अंशांपर्यंत टिकते’ हे वाक्यच अपुरे आहे. साका, म्हणजे तापलेल्या इंधनातून भिंतीवर बसणारा थर, धरतो तो इंधन, भिंतीचा धातू, विरघळलेला ऑक्सिजन आणि वेळ या चौघांच्या संगनमताने. यातला एक जरी बदलला, तरी आकडा शंभर-दीडशे अंशांनी इकडेतिकडे होतो.

जेफटॉट नेमके काय करते ते पाहा. एएसटीएम डी ३२४१ प्रमाणे इंधन आधी गाळतात. मग त्यातून सहा मिनिटे कोरडी हवा मुद्दाम बुडबुडवतात, म्हणजे इंधन ऑक्सिजनने संपृक्त होते. हे इंधन सुमारे ३.४५ मेगापास्कल दाबाखाली, मिनिटाला ३ मि.ली. वेगाने, तापवलेल्या ॲल्युमिनियमच्या नळीच्या बाहेरून अडीच तास वाहते. पुढे १७ मायक्रॉनची स्टीलची जाळी असते. शेवटी दोनच गोष्टी पाहतात: जाळी ओलांडताना दाब किती घटला आणि नळीवर रंग किती चढला. विमानाच्या जेट ए-१ इंधनासाठी नळी २६० अंशांवर ठेवतात. दाबाची घट २५ मि.मी. पाऱ्याच्या आत आणि रंगाचा श्रेणी-अंक ३ च्या खाली हवा, शिवाय मोरपंखी छटा चालत नाही. ३५५ अंश ही जेपी-७ साठीची अट आहे. एसआर-७१ विमान याच इंधनावर चालायचे आणि अमेरिकेच्या एक्स-५१ए स्क्रॅमजेटनेही हेच वापरले.

आता तफावत बघा. ३५५ हे नळीच्या सर्वांत तापलेल्या जागेचे तापमान आहे. इंधनाचा मुख्य प्रवाह त्याहून बराच थंड असतो. प्रवाह अगदी संथ आणि स्तरीय, म्हणजे थर एकमेकांत न मिसळता सरकणारा, असतो, तर इंजिनातला प्रवाह खळाळता. धातू ॲल्युमिनियम, तर रॉकेटच्या ज्वलनकक्षात तांब्याची मिश्रधातू आणि स्क्रॅमजेटमध्ये निकेलची. जेफटॉट चाळणी म्हणून उत्तम आहे: वाईट इंधन ती पकडते. चांगल्या इंधनाला गुण द्यायला मात्र ती बनलेली नाही.

साक्याचे दोन प्रकार आहेत आणि त्यांची गल्लत केली की सगळे आकडे निरर्थक होतात. पहिला ऑक्सिडेशनचा. साधारण १५० ते ३५० अंशांच्या पट्ट्यात, इंधनात विरघळलेल्या ऑक्सिजनमुळे पेरॉक्साइड, मग गोंद आणि मग तपकिरी थर तयार होतो. हवेशी समतोलात असलेल्या केरोसीनमध्ये जेमतेम ७० पीपीएम ऑक्सिजन असतो, पण तेवढा पुरतो. तो संपला की हा प्रकार थांबतो. म्हणून नळीच्या लांबीवर एक उंचवटा दिसतो आणि पुढे थर पातळ होत जातो. दुसरा प्रकार पायरोलिसिसचा. सुमारे ४८० अंशांच्या वर रेणूच तुटू लागतात आणि ऑक्सिजन नसला तरी काळा कोक, म्हणजे जवळजवळ निव्वळ कार्बनचा थर, बसतो. हा मात्र तापमानाबरोबर वाढतच जातो. मधल्या पट्ट्यात दोन्ही मिसळलेले असतात आणि तिथला निकाल वाचणे सर्वांत अवघड.

रॉकेटचा प्रश्न बहुधा पहिल्या प्रकाराचा आणि तांब्याचा असतो. स्क्रॅमजेटचा दुसऱ्या प्रकाराचा आणि निकेलचा.

तांब्याचे आधी. द्रव ऑक्सिजन आणि केरोसीनच्या इंजिनात गळ्यापाशी, म्हणजे नोझल सर्वांत अरुंद होते तिथे, उष्णतेचा मारा दर चौरस मीटरला काही दहा मेगावॉटपर्यंत जातो, म्हणून तिथे तांब्याच्या मिश्रधातूशिवाय भागत नाही. केरोसीनमधला गंधक या तांब्यावर चाल करून जातो. कॉपर सल्फाइडचे काळे, फांद्यांसारखे स्फटिक उगवतात, भिंत खरबरीत होते, दाबाची घट वाढते आणि खालचे तांबे खाल्ले जाते. रॉकेटच्या केरोसीनच्या अमेरिकी मिल-डीटीएल-२५५७६ मानकात आरपी-१ या प्रतीला गंधकाची मर्यादा ३० मि.ग्रॅ. प्रति किलो आहे, तर आरपी-२ ला फक्त ०.१. बाकी दोन्हींचे बरेचसे सारखेच: १५ अंशांना घनता ०.७९९ ते ०.८१५, ॲरोमॅटिक्स पाच टक्क्यांच्या आत, फ्लॅश पॉइंट किमान ६० अंश. आरपी-१ लाल रंगवलेले असते, आरपी-२ बिनरंगी. इस्रोच्या अर्ध-क्रायोजेनिक एसई-२००० इंजिनासाठी शुद्ध केलेले केरोसीन, म्हणजे इस्रोसीन, याच घराण्यातले.

इथे प्रयोगशाळेत नेहमी होणारी चूक म्हणजे गंधक मोजायला अतिनील प्रतिदीप्तीचे डी ५४५३ यंत्र वापरणे. ते साधारण १ मि.ग्रॅ. प्रति किलोपासून वर विश्वासाचे. ०.१ ची मर्यादा त्याने तपासणे म्हणजे भाजीच्या काट्यावर सोने तोलणे. त्यासाठी गंधक-संवेदी डिटेक्टर लावलेले गॅस क्रोमॅटोग्राफ हवे, आणि त्याचा जास्तीचा फायदा असा की गंधक कोणत्या रूपात आहे हेही कळते. थायॉल आणि डायसल्फाइड तांब्याला लगेच डसतात. थायोफीन जातीचे त्या मानाने गरीब. एकूण गंधक सारखा असूनही दोन नमुने तांब्यावर अगदी वेगळे वागतात ते यामुळे.

निकेल आणि लोखंडावर गोष्ट उलटी होते. तापलेल्या निकेलवर कोकचे तंतू उगवतात. धातूचा कण तंतूच्या टोकावर बसून पुढे सरकत राहतो. तिथे थोडासा गंधक उपकारक ठरतो, कारण तो धातूची ही सक्रियता मारतो. इथिलीनच्या कारखान्यांत क्रॅकिंगच्या नळ्यांना डायमिथाइल डायसल्फाइड पाजतात ते याचसाठी. म्हणजे ‘गंधक वाईट’ हेही धातूचे नाव घेतल्याशिवाय म्हणता येत नाही.

आता उभारणी. विजेने थेट तापवलेली बारीक नळी हा सर्वांत उपयोगी प्रकार. उदाहरणादाखल ३१६एल स्टीलची नळी घ्या: बाहेरचा व्यास १.६ मि.मी., आतला १ मि.मी., तापणारी लांबी ३०० मि.मी. तिच्यातून मिनिटाला १० मि.ली. इंधन एचपीएलसी पंपाने, म्हणजे मोठ्या दाबाला थोडा पण स्थिर प्रवाह देणाऱ्या प्रयोगशाळेतल्या पंपाने, सोडायचे. २५ अंशांवरून ५५० वर न्यायला किलोमागे साधारण १.६ मेगाज्यूल लागतात, म्हणजे या प्रवाहाला सुमारे २१० वॉट. बाहेर जाणारी उष्णता धरून २५० वॉटची तयारी ठेवा. नळीचा थंड रोध ०.१८ ओमच्या आसपास येतो, तेव्हा ७ व्होल्टला ३५ ते ४० ॲम्पिअर. कमी व्होल्ट, जास्त ॲम्पिअरचा स्थिर डीसी पुरवठा हवा. नळी तापली की रोध वाढतो, म्हणून करंटची मर्यादा आधीच बांधून ठेवा.

नळी उभी ठेवा. आडव्या नळीत तापलेले हलके इंधन वर चढते आणि वरची भिंत खालच्यापेक्षा बरीच तापते. मग कोक फक्त वरच्या अर्ध्यावर बसतो.

याच नळीत रेनॉल्ड्स अंक (प्रवाह स्तरीय की खळाळता हे सांगणारा आकडा) तोंडाशी शंभराच्या घरात आणि बाहेर पडताना पाच हजारांच्या वर असतो, कारण तापलेल्या इंधनाची स्निग्धता कोसळते. प्रवाह नळीच्या मध्येच कुठेतरी स्तरीय होता तो खळाळता होतो. भिंतीच्या तापमानाच्या आलेखात तिथे जो खळगा दिसतो, त्याचा कोकशी संबंध नाही.

दाब इंधनाच्या क्रांतिक दाबाच्या, म्हणजे ज्याच्या वर द्रव आणि वाफ असा भेद उरत नाही त्या दाबाच्या, चांगला वर ठेवावा. केरोसीनसाठी तो २.२ ते २.४ मेगापास्कल असतो, तेव्हा ४ ते ५ योग्य. अगदी सीमेजवळ चालवले तर दाब डोलू लागतो. नळी चक्क शिट्टी मारते, ऐकू येईल अशी. भिंतीवर एखाद्या जागी तापमान उंच जाणे हेही तिथे होते, आणि तो कोक समजून अहवाल लिहिला जातो. फरक ओळखणे सोपे आहे: कोकमुळे भिंत हळूहळू तापत जाते, तर उष्णता-वहन बिघडल्याचे शिखर पहिल्या मिनिटापासून तिथेच असते.

तापमान मोजण्याच्या जागी सगळ्यात जास्त फसगत होते, म्हणून इथे जरा थांबू. के जातीचे थर्मोकपल, म्हणजे दोन धातूंच्या तारांच्या जोडावरच्या मिलिव्होल्टवरून तापमान सांगणारे साधन, नळीच्या बाहेरून स्पॉट वेल्ड करतात. पण नळीतून वीज वाहत असते: ३०० मि.मी.वर ७ व्होल्ट, म्हणजे दर मि.मी.ला २३ मिलिव्होल्ट. थर्मोकपलच्या दोन तारा वेल्ड करताना लांबीच्या दिशेने ०.१ मि.मी.ने जरी मागेपुढे झाल्या, तरी २.३ मिलिव्होल्टची चूक आत शिरते. के जातीला दर अंशाला सुमारे ०.०४१ मिलिव्होल्ट, म्हणजे ही चूक ५६ अंशांची. केसाएवढी तफावत आणि निकालात ५६ अंश! उपाय स्वस्त आहे: पुरवठ्याची दिशा उलटी करून दोन्ही वाचनांची सरासरी घ्यायची. प्रत्येक थर्मोकपलचा फरक एकदा नोंदवून ठेवला की पुढे दर वेळी उलटापालट करावी लागत नाही, मात्र व्होल्टेज बदलले तर दुरुस्ती त्या प्रमाणात बदलावी. डेटा लॉगरचे प्रत्येक चॅनेल एकमेकांपासून विजेने अलग असलेच पाहिजे, नाहीतर नळीचे व्होल्ट लॉगरमधून फिरतात आणि सगळीच वाचने खोटी पडतात.

बाहेरच्या भिंतीवरून आतल्या भिंतीचे तापमान काढताना, इंधनाचा प्रवाह एवढाच असेल तर घाबरायचे कारण नाही. उष्णतेचा मारा ०.२२ मेगावॉट प्रति चौरस मीटर आहे, भिंत ०.३ मि.मी.ची, फरक एक-दोन अंशांचा येतो. तोच मारा १० मेगावॉटवर नेला तर ७० अंशांच्या वर जातो आणि दुरुस्ती टाळता येत नाही. रॉकेटचा खरा मारा या नळीत मिळत नाही हेही यातून कळते. दोघांत शंभरपटीचे अंतर आहे. त्याला वेगळा, तांब्याचा ठोकळा आणि त्यात कोरलेली वाहिनी असा मोठा खटाटोप लागतो.

हीट सिंक, म्हणजे इंधन किती उष्णता पोटात घेते, हा हिशोब त्याच नळीवर होतो. दिलेली वीज, वजा बाहेर गेलेली उष्णता, भागिले प्रवाहाचे वस्तुमान. बाहेर जाणारी उष्णता अंदाजाने घेऊ नका: नळी रिकामी ठेवून, निर्वात किंवा स्थिर नायट्रोजनमध्ये, निरनिराळ्या भिंत-तापमानांना किती वॉट लागतात त्याचा तक्ता करा. मग ज्याची एन्थाल्पी, म्हणजे दर तापमानाला पोटात असलेली उष्णता, पक्की माहीत आहे असे शुद्ध द्रव, जसे एन-डोडेकेन, ४०० अंशांच्या आत चालवून पाहा. तिथेच हिशोब जुळत नसेल, तर क्रॅकिंगच्या भागातल्या आकड्याला अर्थ नाही. रासायनिक वाटा म्हणजे दोन मोठ्या आकड्यांची वजाबाकी. वरच्या चुका सगळ्या तिथे येऊन साचतात.

रासायनिक वाट्याला कागदावर भुलू नये. मिथाइलसायक्लोहेक्सेनचे टोल्युइन आणि हायड्रोजन होताना मोलमागे २०५ किलोज्यूल, म्हणजे किलोमागे सुमारे २.१ मेगाज्यूल शोषले जातात. आकडा देखणा, पण त्यासाठी प्लॅटिनमचा उत्प्रेरक आणि पूर्ण रूपांतर हवे. नुसत्या उष्णतेने केरोसीन तोडले की काय बनते त्यावर सगळे अवलंबून. इथिलीन बनले तर उष्णता भरपूर शोषली जाते. मिथेन, इथेन बनले तर बरीच कमी. दाब वाढवला की पारडे संतृप्त वायूंकडे झुकते. म्हणून बाहेर येणारा वायू आणि द्रव दोन्हींचे क्रोमॅटोग्राफवर विश्लेषण केल्याशिवाय हीट सिंकचा आकडा देऊ नये. आत गेलेल्या आणि बाहेर आलेल्या कार्बनचा ताळा ९७ ते १०२ टक्क्यांत बसला पाहिजे. बसत नसेल, तर पाच ते सात कार्बनचे हलके रेणू वायूबरोबर निसटत असतात. कंडेन्सर ५ अंशांच्या खाली आणा.

कोक मोजण्यासाठी नळी हेक्झेनने धुऊन नायट्रोजनमध्ये ११० अंशांना वाळवतात, तेल न लावता कातरून ५ सें.मी.चे तुकडे करतात आणि ऑक्सिजनमध्ये जाळून निघालेला कार्बन डायऑक्साइड अवरक्त डिटेक्टरने मोजतात. तापमान हळूहळू चढवले तर कोणत्या तापमानाला किती जळाला यावरून थराची जात कळते.

इथे एक छुपा चोर आहे. ३१६एल स्टीलमध्ये ०.०३ टक्क्यांपर्यंत कार्बन असतो. ५ सें.मी.चा तुकडा सुमारे अर्ध्या ग्रॅमचा, म्हणजे त्यात १५० मायक्रोग्रॅमपर्यंत स्वतःचा कार्बन. दर चौरस सें.मी.ला ५० मायक्रोग्रॅम कोक धरला तर त्या तुकड्यातला कोक जेमतेम ८० मायक्रोग्रॅम. भट्टी खूप तापवली की स्टीलमधला कार्बनही बाहेर येऊन कोकच्या खात्यात जमा होतो. त्याच गुंडाळीतली कोरी नळी दर वेळी सोबत जाळा, आणि ७०० अंशांच्या फार वर जाऊ नका. एका नळीवर निष्कर्ष काढू नये, किमान तीन हव्यात.

थर किती झाला की इंजिनाला बाधतो? समजा दर मिनिटाला दर चौरस सें.मी.वर १०० मायक्रोग्रॅम कोक बसतो. १००० सेकंदांत १.६७ मि.ग्रॅ. होईल, घनता १.५ धरली तर जाडी ११ मायक्रॉन. कोकची उष्णतावाहकता १ वॉट प्रति मीटर-केल्विन मानली, तर १ मेगावॉटच्या माऱ्याला भिंत ११ अंशांनी जास्त तापेल, म्हणजे चालून जाईल. ३० मेगावॉटच्या माऱ्याला तीच भिंत ३३० अंशांनी तापेल, आणि तांब्याचा निकाल लागेल. स्क्रॅमजेटमध्ये म्हणूनच भिंत सहसा थरामुळे वितळत नाही. बारीक वाहिन्या आणि इंजेक्टरची भोके तुंबतात. वेळेचा हिशोबही इथेच येतो. ७ सप्टेंबर २०२० ला डीआरडीओच्या एचएसटीडीव्ही या प्रायोगिक यानाचे स्क्रॅमजेट इंजिन वीसेक सेकंद चालले; तेवढ्यात कोकचा प्रश्न उभाच राहत नाही. डीआरडीओच्याच हैदराबादच्या डीआरडीएल प्रयोगशाळेने स्क्रॅमजेट कम्बस्टरची (ज्वलनकक्षाची) जमिनीवरची चाचणी जानेवारी २०२५ मध्ये १२० सेकंद आणि २५ एप्रिल २०२५ ला १००० सेकंदांहून जास्त घेतली. त्या कम्बस्टरसाठी देशी एंडोथर्मिक, म्हणजे तुटताना उष्णता शोषणारे, इंधन बनवले गेले. पहिल्या वीस सेकंदांत जे इंधन निर्दोष दिसते ते हजाराव्या सेकंदाला तसेच असेल असे नाही, म्हणून प्रयोगशाळेतली चाचणीही मोहिमेच्या वेळेइतकी तरी चालवा.

नमुन्याची काळजी कंटाळवाणी वाटते, पण अर्धे गोंधळ तिथले. जोरकस हायड्रोजन प्रक्रिया केलेल्या केरोसीनमधून नैसर्गिक अँटिऑक्सिडंटही निघून जातात, म्हणून ते साठवणीत पेरॉक्साइड पटकन धरते. विमानाच्या अशा इंधनात रिफायनरीतच लिटरला १७ ते २४ मि.ग्रॅ. अँटिऑक्सिडंट घालतात ते त्यासाठीच. तपकिरी काचेची बाटली, वर नायट्रोजन, ४ अंश, आणि चाचणीच्या दिवशी पेरॉक्साइड मोजणे. पितळेचा एकही जोड इंधनाच्या वाटेत नको. अब्जभागात काही दहा भाग तांबे विरघळले तरी ऑक्सिडेशनचा थर वाढतो. ऑक्सिजन काढायचा असेल तर तासभर नायट्रोजन बुडबुडवा आणि १ पीपीएमच्या खाली गेल्याची मोजून खात्री करा. अशा कोरड्या, शुद्ध इंधनाला वंगणपणा कमी असतो, त्यामुळे पंपाचे सील लवकर झिजतात. पंपाची झडप गोंदाने चिकटली तर प्रवाह एकदम कमी होतो आणि भिंत तापते. पंपाच्या पडद्यावरच्या आकड्यावर विसंबू नका, बाहेर आलेले द्रव तोलत राहा. ते गडद पिवळे होऊ लागले तर पॉलिॲरोमॅटिक, म्हणजे अनेक वलयांचे जड रेणू, बनू लागले असे समजावे. त्यानंतर दाब धरणारी झडप तुंबणार हे ठरलेले, म्हणून तिच्या आधी कूलर आणि ७ मायक्रॉनचा फिल्टर.

सुरक्षेचे एवढेच: केरोसीन २३० अंशांच्या आसपास आपोआप पेटते आणि नळी ५५० च्या वर आहे, त्यामुळे गळती म्हणजे ज्वाळा, मधली पायरी नाही. नळीभोवती नायट्रोजनचा बंद डबा, टाकी लहान आणि भिंतीपलीकडे, सगळ्या धातूच्या भागांना अर्थिंग दिलेले. भिंतीचे तापमान मर्यादेबाहेर जाणे, प्रवाह घटणे आणि तोंडाशी दाब चढणे, या तिन्हींवर वीज तोडणारे स्वतंत्र रिले हवे. संगणकाच्या प्रोग्रॅमवर ते सोपवू नये. बंद करताना आधी वीज, मग भिंत २०० अंशांच्या खाली येईपर्यंत इंधन चालू, मग नायट्रोजन, आणि पंप सर्वांत शेवटी. घाईने आधी पंप थांबवला तर नळीत अडकलेले इंधन तिथेच शिजते आणि दिवसभरात बसला नाही इतका कोक पाच मिनिटांत बसतो. ती नळी मोजायला पाठवू नका.

अहवालात मग ‘अमुक अंशांपर्यंत स्थिर’ असे न लिहिता ओळ अशी लिहा: ३१६एल नळी, भिंत इतके अंश, मुख्य प्रवाह इतके अंश, दाब, ऑक्सिजन इतके पीपीएम, गंधक इतका आणि कोणत्या रूपात, कालावधी, आणि दर चौरस सें.मी.ला इतके मायक्रोग्रॅम, तीन नळ्यांचे तिन्ही आकडे.